नुकसानीआधीचे पैसे

टिपेश्वरच्या टी1-सी1 या तरुण वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो अभयारण्यातून निघाला आणि डिसेंबरात बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मधल्या काळात महाराष्ट्र आणि तेलंगणातून मिळून त्याने सुमारे 1,300 किलोमीटर चाल केली होती. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. तो जोडीदारीण शोधत होता की नवा मुलूख, यावर भरपूर लिहिलं गेलं. तो ज्या जमिनीवरून गेला तिच्या मालकांबद्दल मात्र कोणी फारसं लिहिलं नाही.

टिपेश्वर अभयारण्य यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत आहे, क्षेत्रफळ 148.63 चौरस किलोमीटर. वाढत्या वाघांना पुरेल न पुरेल एवढं. वाघ बाहेर पडला की राखीव जंगलाचे तुकडे, गावचराईच्या ई-क्लास जमिनी, नाल्याकाठची झुडपं, आणि मग कपाशी, तूर, सोयाबीन. वॉकर दिवसा दडला, रात्री चालला, तो यातल्याच जागांमधून. त्यातल्या बऱ्याचशा जमिनीवर कोणाचं तरी नाव आहे, सातबारा आहे, पीक कर्जाचा बोजा आहे. आपल्या व्यवस्थेचा विचित्रपणा असा, की वाघ वावरातून कोणाच्याही वाटेला न जाता निघून गेला तर शेतकऱ्याला काहीही मिळत नाही. त्याने बैल मारला, तर मिळतं.

तेही कसं मिळतं ते पाहण्यासारखं आहे. जनावर पडलं की वनखात्याला ताबडतोब कळवायचं, मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, वनरक्षक येणार, दातांच्या खुणा बघणार, पंच गोळा करणार, पंचनामा होणार, किंमत ठरणार. माणूस गेला तर आता 25 लाख रुपये. त्यातले काही हातात, बाकीचे मुदत ठेवीत. रोही आणि रानडुकरांनी पीक तुडवलं तर वेगळा अर्ज, वेगळा पंचनामा. रात्रभर जागल करून शेवटी झोप लागली त्या तासाभरात कळपाने दोन एकर लोळवलं, हे कोणत्या रकान्यात भरायचं, हा प्रश्न दर हंगामात असतोच. एकूण काय, जंगली जनावरापायी शेतकऱ्याच्या हातात जो सरकारी पैसा पडतो तो बहुतेक नुकसान झाल्यावरचा. आधी पडतो असा पैसा जवळपास नाही.

याची किंमत यवतमाळने मोजलेली आहे. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातली अवनी वाघीण (तिचाही क्रमांक टी1, पण वॉकरच्या क्रमांकातली टिपेश्वरची टी1 वेगळी) 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात मारली गेली. 2016 पासून तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. तिला पकडण्यासाठी हत्ती आले, पॅराग्लायडर आले, इटालियन जातीची कुत्री आली, परदेशी अत्तराचा वासही वापरून झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अवनीचा मुलूख कोणतंही अभयारण्य नव्हतं. तो शेतं आणि जंगलाच्या तुकड्यांचा विणलेला पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात जनावर व माणूस एकमेकांना कमी भेटावेत म्हणून आधी कोणी पैसा खर्च केलेला नव्हता.

असा आधीचा खर्च जगात ज्यांनी केला त्यांत, अनपेक्षितपणे, अमेरिकेचं लष्कर आहे.

नॉर्थ कॅरोलायनातला फोर्ट ब्रॅग हा त्यांच्या मोठ्या प्रशिक्षण तळांपैकी एक. तिथे लाँगलीफ पाइनच्या जंगलात रेड-कॉकेडेड वुडपेकर नावाचा छोटा काळा-पांढरा सुतार पक्षी राहतो. बाकीचे सुतार पक्षी बहुधा वाळक्या लाकडात घर कोरतात; हा जिवंत, म्हाताऱ्या पाइनमध्ये कोरतो, आणि एक ढोली पुरी व्हायला वर्षंही लागतात. ढोलीभोवतीच्या सालीला तो छोटी भोकं पाडतो, त्यातून राळ ओघळते आणि झाडावर चढणाऱ्या सापाची वाट अडते. त्याला खालची झुडपं नकोत. अधूनमधून वणवा येऊन जमीन मोकळी झालेली हवी. बाहेरची जंगलं तुटली, उरलेल्यांत वणवे विझवले गेले, आणि पक्षी आटला. तोफांच्या माऱ्याने वरचेवर पेटणाऱ्या लष्करी मैदानात मात्र तो टिकून राहिला.

मग कायदा आडवा आला. 1990 मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याने लष्कराला सांगितलं, की तुमच्या सरावामुळे ही प्रजाती धोक्यात येते आहे. ढोलीच्या झाडांभोवती 200 फुटांपर्यंत तळ ठोकायला, गाड्या न्यायला मनाई झाली. सैनिकांच्या कवायतीत पक्ष्याच्या झाडांवरच्या पट्ट्या दिसू लागल्या आणि अधिकाऱ्यांची चिडचिड सुरू झाली. पण त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. कुंपणाबाहेरचं जंगल जितकं तुटेल, तितका सगळा भार कुंपणाआतल्या जंगलावर पडेल, आणि तितके निर्बंध वाढतील. शिवाय बाहेर बंगले उभे राहिले की रहिवासी रात्रीच्या गोळीबाराच्या तक्रारी करणार, ते वेगळंच.

1995 मध्ये लष्कराने द नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर शेजारच्या खासगी जमिनींसाठी पैसे घालायला सुरुवात केली. 2002 च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने संरक्षण खात्याला यासाठी कायद्याने अधिकार दिला. मग जो कार्यक्रम उभा राहिला त्याचं लघुनाव ‘रेपी’. त्यातून आजवर दहा लाख एकरांहून अधिक जमीन राखली गेली आहे. 2013 पासून शेती आणि अंतर्गत व्यवहार ही दोन खाती संरक्षण खात्याच्या जोडीला आली.

व्यवहाराची युक्ती साधी आहे. जमीन विकत घ्यावीच लागते असं नाही. मालक मालकच राहतो, शेती करतो, झाडं ठरलेल्या पद्धतीने तोडतो. विकतो तो फक्त एक हक्क, तिथे वसाहत उभारण्याचा. तो हक्क लष्कर आणि सोबतची संस्था मिळून कायमचा विकत घेतात. पुढे जमीन मुलाच्या नावावर होवो की परक्याच्या, अट जमिनीसोबत जाते. फोर्ट ब्रॅगच्या सँडहिल्स भागात ठरवलेलं पक्ष्यांच्या संख्येचं लक्ष्य 2006 मध्ये, मुदतीच्या आधीच, गाठलं गेलं. 2024 च्या ऑक्टोबरात हा पक्षी ‘नष्टप्राय’ यादीतून एक पायरी खाली, ‘धोक्यातल्या’ यादीत आणला गेला.

यात लष्कराचा भूतदयेचा पुळका नव्हता, आणि मला ती या योजनेची सर्वांत भक्कम बाजू वाटते. सराव चालू राहावा हा त्यांचा स्वार्थ होता. स्वार्थातून आलेला पैसा दर अर्थसंकल्पात पुन्हा येतो. कळवळ्यातून आलेला बहुधा फोटो काढून जातो.

आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. निर्बंध आपल्याकडे फार जुने आहेत. इंग्रजांनी 1903 मध्ये संरक्षण आस्थापनांभोवतीच्या जमिनीवर बांधकामबंदी घालण्याचा कायदा केला. त्यात 2,000 यार्डांपर्यंतची मर्यादा आहे आणि नुकसानभरपाईची तरतूदही आहे. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीचा ‘रेड झोन’ तो हाच. तिथे बंदी कागदावर राहिली, घरं उभी राहिली, आणि झोन कमी करा ही मागणी निवडणुकांमागून निवडणुका चालू आहे. ज्याच्या जमिनीवर बंदी आली त्याला बंदीबद्दल वर्षाला काही मिळत असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती का? थोडी तरी झाली असती असं वाटतं.

याहून मोठा धडा सोलापूर-नगरच्या माळरानाचा. माळढोकासाठी 1979 मध्ये तिथे 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. नकाशावर ते भव्य होतं, पण त्यातली बहुतेक जमीन खासगी. गावं, बाजारपेठा, रस्ते, सगळं अभयारण्यात. जमिनीची खरेदी-विक्री अडली, परवानग्या अडल्या; मोबदला म्हणून लोकांच्या हातात काही आलं नाही. तीन दशकांनी ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर माळावर ऊस आणि विहिरी आल्या होत्या, आणि माळढोक आता नान्नजला दिसला तर बातमी होते. त्याच पक्ष्याचा उरलासुरला मोठा आधार कुठे आहे पाहा: राजस्थानात, जैसलमेरच्या माळांवर आणि पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये. जिथे माणसाला जायला बंदी, तिथे पक्षी टिकला. कुंपणाबाहेर मात्र विजेच्या तारा.

यवतमाळला फायरिंग रेंजसाठी कोणी ओळखत नाही. पण वर्धा नदी ओलांडली की उत्तरेला पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, आणि पूर्वेला, वणीच्या समोर, भद्रावतीचा चांदा आयुध निर्माणी कारखाना. तो ताडोबाच्या जंगलपट्ट्याला लागून आहे. त्याच्या वसाहतीत बिबट्या येणं ही नवलाची बातमी राहिलेली नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीत गेला. कंपनी झाली म्हणजे नफ्याच्या दोन टक्क्यांची सामाजिक जबाबदारीही आली, आणि त्या यादीत वन्यजीव संवर्धन बसतं. वणी भागातल्या कोळसा खाणींच्या वेस्टर्न कोलफील्ड्सलाही तेच लागू. शिवाय कॅम्पाचा निधी आहे. जंगलाची जमीन खाणीला, रस्त्याला, रेल्वेला दिली की त्या बदल्यात जमा होणारा पैसा तो. 2019 मध्ये त्यातले महाराष्ट्राच्या वाट्याचे 3,844 कोटी रुपये राज्याकडे आले. त्यातला बराच रोपवनांवर जातो. शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचं उभं झाड, जे लावायची गरजच नाही, ते मात्र त्या हिशेबात येत नाही.

म्हणजे पैसा नाही हे खरं नाही. तो द्यायची रीत नाही. आणि रीतसुद्धा एका ठिकाणी सापडते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकार शेतकऱ्याची पडीक जमीन दीर्घ मुदतीने भाड्याने घेतं, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. जमीन मालकाचीच राहते. जे पॅनेलसाठी होतं ते वाघाच्या वाटेसाठी का होऊ नये? इथे तर जमीन ताब्यात घ्यायचीही नाही, म्हणून भाडं याच्या कितीतरी कमी पुरेल. बदल्यात मागायच्या गोष्टी मोजक्या: नाल्याकाठचा पट्टा आणि त्यातली झुडपं राखायची, धुऱ्यावरची मोठी झाडं उभी ठेवायची, प्लॉट पाडायचे नाहीत, कुंपणात वीज सोडायची नाही आणि फास लावायचे नाहीत. ही शेवटची अट कल्पनेतली नाही. 2025 मध्ये टिपेश्वरच्या एका वाघिणीच्या गळ्यात रुतलेला तारेचा फास वनखात्याला तिला बेशुद्ध करून काढावा लागला.

अडचणी आहेत, आणि त्या कायद्यातच आहेत. आपला सुखाधिकाराचा कायदा 1882 चा. शेजारच्या जमिनीच्या उपभोगासाठी हक्क मिळतो. ज्याची शेजारी जमीनच नाही अशा संस्थेला ‘इथे बांधू नका’ हा कायमचा हक्क त्यातून विकत घेता येत नाही. म्हणून सुरुवात मुदतीच्या करारानेच व्हावी आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात पडावी. तो रकाना बोजे आणि कूळ लिहिण्यासाठी तलाठ्याला पाठच आहे. दुसरी अडचण जास्त नाजूक. या पट्ट्यात कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावं आहेत. आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही, वनहक्काचे पट्टे विकता येत नाहीत, आणि ते तसंच राहायला हवं. संवर्धनाच्या नावाने जमिनी हळूच सरकवण्याचा मार्ग या योजनेतून निघाला तर ती सुरू न झालेलीच बरी. पैसा वहिवाटणाऱ्याच्या नावावर गेला पाहिजे. मक्त्याने वावर करणाऱ्याचा वाटा करारात आधीच लिहिला पाहिजे, नाहीतर भाडं यवतमाळ शहरात बसलेल्या मालकाला आणि रानडुक्कर मक्तेदाराला.

खासगी वावरांच्या आधी ई-क्लास जमिनी घेतलेल्या बऱ्या. ही गावाची चराई, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली. करार एका ग्रामसभेशी करायचा, चाळीस खातेदारांशी नाही. आज या जमिनींकडे सौर प्रकल्पवाल्यांची नजर आहे, अतिक्रमणं तर आहेतच, आणि गावाला त्यातून कधी तात्पुरते पैसे दिसतात, कधी नुसती भांडणं. गवत आणि झुडपं राखल्याबद्दल वर्षाला ठरलेली रक्कम मिळाली आणि चराई मोजून चालू राहिली, तर ग्रामसभेला निदान दोन प्रस्ताव समोर ठेवून बोलता येईल. आणि हे करायचंच तर हिवाळ्यात. विदर्भात धुरे साफ करण्याचं, काट्या पेटवण्याचं आणि ट्रॅक्टर लावून नाल्याची कड सरळ करण्याचं काम उन्हाळ्यात होतं. जूनमध्ये सही घ्यायला गेलं, तर राखायचं ते आधीच जळून गेलेलं असेल.