कोणत्या डोळ्याला लागलं?

वसमत तालुक्यात आमची थोडी शेती आहे, हळदीची. गेल्या साली हळद शिजवायचे दिवस होते. पहाटेपासून कढईपाशी उभा राहून मी दमलो होतो. दुपारी ओसरीवर जरा आडवा झालो, तर दारातून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली. मी वैतागून म्हणालो, "आत्ता कुठं डोळा लागला होता!" थोड्या वेळानं चार वर्षांचा नातू वाटीत हळद घेऊन समोर उभा. चेहरा अगदी गंभीर. "आजोबा, कोणत्या डोळ्याला लागलं?"

घरभर हशा पिकला. पण मंडळी, त्याचं चुकलं काय? तो पडला की आपण विचारतो, "कुठं लागलं?" आणि लागलं की हळद लावायची, हा आमच्या घरचा नियम. पोरानं दोन्ही गोष्टी नीट जोडल्या होत्या.

त्याची धाकटी बहीण रुसली की सगळे म्हणतात, "फुगली बघा!" मग तव्यावरची भाकरी फुगली तेव्हा त्यानं आईला विचारलं, "ही कुणावर रुसली?" एकदा रात्री लाईट गेली, तर म्हणाला, "येताना खाऊ आणील का?" बाहेर जाणारं माणूस येताना खाऊ आणतं, हा त्याचा अनुभव.

मुलांच्या अशा उत्तरांकडं जाणत्यांनीही लक्ष दिलेलं आहे. १९२०च्या सुमारास स्वित्झर्लंडचे झां पियाजे पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्या घेत होते. बरोबर उत्तरं मोजायचं काम होतं. त्यांना मात्र चुकीच्या उत्तरांचंच नवल वाटलं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती. म्हणजे ती वाटेल ते बोलत नव्हती, त्यांच्या विचाराची काही रीत होती. पुढं जन्मभर त्यांनी तीच रीत शोधली, स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करूनसुद्धा.

भाषेचंही तसंच. दोन वर्षांचं मूल ऐकून ऐकून "बाबा गेला" असं बरोबर म्हणतं. पुढं तेच मूल "बाबा जाला, मी काम करलं" म्हणू लागतं. आईला वाटतं, पोर मागं पडलं. खरं तर ते पुढं गेलेलं असतं. बसला, हसला यांतला नियम त्यानं स्वतःच हेरलेला असतो आणि तो सगळीकडं लावून पाहतं. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नावही बनवलेलं. मग दोन प्राणी दाखवून त्यांना काय म्हणायचं, असं विचारलं. कधी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केलं. पाठांतरानं हे जमणार नाही.

हे मला ठाऊक असूनही माझ्या हातून चूक झालीच. घरी पाहुणे आले की मी नातवाला पुढं करायचो, "सांग रे, डोळ्याला काय लावत होतास?" सगळे हसायचे. तिसऱ्या की चौथ्या वेळी तो खांबाआड गेला आणि बाहेर आलाच नाही. पुढं कितीतरी दिवस काही विचारायचं झालं, तर आधी आमचे चेहरे बघायचा. एकदा म्हणालाही, "विचारू का? हसणार नाही ना?"

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. त्यांच्या लहानपणची कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. मोठी माणसं नैवेद्य 'दाखवतात'. छोट्या नाम्याला वाटलं, देवानं तो जेवलाच पाहिजे. देव जेवेना, तर पोर हट्ट धरून बसलं. ही कथा ऐकताना आपल्याला हसू येत नाही, डोळे भरून येतात. घरातल्या पोरानं आपला शब्द असाच खरा मानला, तर मात्र आपण त्याचा खेळ मांडतो.

हसू येणारच, ते दाबायचं कशाला? पण आधी पोराला उत्तर द्यावं, मग त्याच्यासोबत हसावं आणि पाहुण्यांपुढं ते पुन्हा काढू नये. मी आता एवढं पाळतो. परवा लाईट गेली तेव्हा तो अंधारात माझ्याजवळ सरकला आणि चेहरा न बघताच विचारलं, "आजोबा, ती जाते तरी कुठं?" मग तारा, खांब, डीपी असं सांगता सांगता आमचे दोघांचेही डोळे लागले.