नगररचना सल्लागार काय ठरवतो?

शहराचा विकास आराखडा (जमीनवापराचा कायदेशीर नकाशा व नियम) प्रसिद्ध झाला की ‘सल्लागाराने आमच्या जमिनीवर आरक्षण टाकले’ ही तक्रार हमखास ऐकू येते. चिंता रास्त असते, पत्ता मात्र चुकतो. सल्लागार लग्नघरच्या आचाऱ्यासारखा: माणसांचा अंदाज घेऊन तो सामानाची यादी देतो, मंजुरी यजमानाची. गट नंबरनिहाय फिरून कुठे घर, कुठे गोठा, कुठे ओढा हे तो नकाशावर नोंदवतो. पुढची लोकसंख्या मांडून शाळा, रस्ते, दवाखान्यांसाठी जागा सुचवतो. महाराष्ट्रात १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखडा नियोजन प्राधिकरण (बहुधा नगरपालिका किंवा महापालिका) प्रसिद्ध करते, अंतिम मंजुरी राज्य शासन देते. हरकत त्या प्राधिकरणाकडेच, लेखी आणि मुदतीत द्यावी. तिची सुनावणी नियोजन समितीपुढे होते.