पुढच्याने उचलायची, मागच्यांनी पुरी करायची

लातूर-नांदेडकडच्या मोर्च्यांसाठी मी घोषणा लिहितो. ‘कोण म्हणतंय देणार नाही’ असं पुढच्याने उचललं की ‘घेतल्याशिवाय राहणार नाही’ हे मागच्यांना शिकवावं लागत नाही. पण ही घोषणा सगळ्यांच्या कानाला इतकी सरावली आहे की रस्त्यावरचा माणूस तिच्यामुळे थांबत नाही. तो थांबतो हसू फुटल्यावर. सोयाबीनच्या भावासाठी मी लिहिलं होतं, ‘विकायला गेलो तर मातीमोल, तेल आणलं तर सोन्याचं मोल!’ ती ऐकून आडतीवरचे हमाल आधी हसले, मग आमच्याबरोबर ओरडू लागले.

म्हणून २०२३ मधला अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप मी मन लावून पाहिला. २ मे ते २७ सप्टेंबर, १४८ दिवस, सुमारे साडेअकरा हजार लेखक. मालिका टीव्हीवर पुन्हा दाखवली की लेखकाला पुन्हा पैसे मिळत. ओटीटीवर ती मिळकत आटली. त्यात यंत्राकडून संहिता लिहून घेतली जाण्याची भीती. घोषणा ओरडत होतेच, पण खरी मजा हातातल्या फलकांत होती. ‘सक्सेशन’ मालिका संपत आली होती, तर एका फलकावर धमकी: लेखकांचे पैसे द्या, नाहीतर शेवट फोडू! दुसऱ्यावर लिहिलं होतं की चॅटजीपीटीला लहानपणीच्या जखमा नसतात. मला हा दुसरा फार मोलाचा वाटतो. लेखक कागदावर काय ओततो आणि यंत्राकडे काय नाही, हे त्या एका ओळीत आलं. लेखणी बंद ठेवलेली माणसं रस्त्यावर आपल्या कसबाचा नमुनाच दाखवत होती.

आपल्याकडे हे कसब जुनं आहे. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडलेल्या मृणाल गोरे १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी हरल्या. तेव्हाची घोषणा होती, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!’ तेच शब्द, फक्त जागा बदललेल्या. अशी घोषणा एकदा ऐकली की पाठ होते.

अमेरिकेतल्या करारात यंत्राच्या वापरावर बंधनं आली, ओटीटीवर गाजलेल्या मालिकांसाठी बोनस ठरला. मुंबईत रोजच्या मालिका लिहिणाऱ्यांना मात्र केलेल्या कामाचे पैसे हाती पडायला अनेकदा तीन-तीन महिने लागतात. त्यांत आपल्या मराठवाड्यातली पोरंही आहेत. त्यांच्यासाठी मी एक लिहून ठेवली आहे. पुढच्याने म्हणायचं, ‘एपिसोड मागता आजच्या आज’, आणि मागच्यांनी, ‘चेकला नव्वद दिवस, नाही का लाज!’