फळा, खडू आणि मोबाइल : भाषेच्या तासाला मोफत साधनांची जोड

जालन्याहून भोकरदनकडे निघालेली एस.टी. राजूरच्या गणपतीचे गाव मागे टाकून पुढे निघाली की केदारखेडा लागते. कपाशी, मका आणि मोसंबीचा हा परिसर. येथील मूल घरी ‘वावरात जायलो’ म्हणते. पाठ्यपुस्तकात मात्र ते ‘शेतात जात आहे’ असे वाचते. घरी जे ‘मव्हं’ असते ते वहीत ‘माझे’ होते. ही दोन टोके जोडण्याचे काम भाषेच्या शिक्षकाकडे असते आणि त्यासाठी पिढ्यानपिढ्या त्याच्या हाती फळा, खडू आणि स्वतःचा आवाज एवढीच सामग्री होती. आता तीत मोबाइलची भर पडली आहे. प्रश्न एवढाच, की या यंत्राकडून भाषेच्या तासाला नेमके काय करून घ्यायचे?

हा प्रश्न हौसेचा नाही. ‘असर’च्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले अवघी २३.४ टक्के होती. याच अहवालात १४ ते १६ या वयोगटातील ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येत असल्याचे सांगितले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. म्हणजे यंत्र घरात पोहोचले आहे, वाचन मात्र अद्याप वाटेतच आहे.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा निघाली की सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे नाव येते. माढा तालुक्यातील या लहानशा गावाच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनिफिती, चित्रफिती आणि कविता ठेवण्याच्या त्यांच्या कल्पनेची सर्वत्र वाखाणणी झाली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले आणि २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या केंद्राच्या व्यासपीठाशी ते जोडले गेले. मात्र या कथेतील महत्त्वाचा भाग बहुधा दुर्लक्षित राहतो. परितेवाडीच्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हते. डिसले यांनी आधी कन्नड शिकून घेतली, पाठ मुलांच्या भाषेत आणले आणि मग ते कोडमागे ठेवले. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाचे मोल त्यामागे ठेवलेल्या भाषेमुळे होते. केदारखेड्यातही कसोटी हीच लावावी लागेल.

मोफत आणि मुक्त

साधने निवडताना पहिला भेद ध्यानात घ्यावा तो ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतला. मोफत वस्तूला पैसे पडत नाहीत, पण तिची मालकी देणाऱ्याकडेच राहते आणि त्याची इच्छा संपली की वस्तूही संपते. विद्यार्थ्यांकडून बोलण्याच्या छोट्या चित्रफिती करून घेण्यासाठी जगभरच्या भाषाशिक्षकांनी ‘फ्लिपग्रिड’ हे साधन वापरले. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये ते विकत घेऊन शाळांना मोफत केले आणि पुढे ‘फ्लिप’ या नावाने चालणारे ते स्वतंत्र ॲप जुलै २०२४मध्ये बंद झाले. गुगलचा ‘जॅमबोर्ड’ हा आभासी फळाही २०२४च्या अखेरीस मिटला. ज्या शिक्षकांनी आपल्या पाठांची मांडणी त्यांवर केली होती त्यांना ती अन्यत्र हलवावी लागली.

मुक्त साधनाचे तसे नसते. त्याचा परवानाच वापरणाऱ्याला नक्कल करण्याची, बदल करण्याची आणि वाटण्याची मुभा देतो. ‘प्रथम बुक्स’ने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे जागतिक साक्षरता दिनी, सुरू केलेले ‘स्टोरीविव्हर’ हे याचे उत्तम उदाहरण. येथील सचित्र गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या असून त्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुल्या आहेत. शिक्षकाने एखादी गोष्ट उतरवून घ्यावी, तिची छापील प्रत काढावी, इतकेच नव्हे तर त्याच चित्रांखाली स्वतःचा मजकूर घालून नवे पुस्तक करावे, असे सर्व करता येते. केदारखेड्याच्या वर्गात ‘शेत’ काढून ‘वावर’ घातले तरी परवाना आड येत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला स्वतःच्या तोंडचा शब्द छापलेला दिसणे ही वाचनाकडे नेणारी केवढी तरी मोठी पायरी आहे.

वाचनासाठीच ‘बालभारती’ची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. शिवाय १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर उपलब्ध करून दिलेले आहेत. मोठी गंमत अशी, की या साठ्याची माहिती नसल्याने अनेक ठिकाणी मुलांना यूट्यूबवरच्या भडक रंगांच्या बालगीतांवर भागवावे लागते.

आचार्य आणि आचारी

लेखनाचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे आणि खरे शिकणे तेथेच दडलेले आहे. देवनागरी लिपी १९९१पासून युनिकोडमध्ये असली तरी मराठीच्या सर्व गरजा पहिल्या दिवसापासून भागत होत्या असे नाही. ‘ॲप’ किंवा ‘ॲसिड’ या शब्दांतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८मधील आवृत्तीत. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई, अनेकजण आजही तसेच करतात आणि म्हणून संगणकावर एकच शब्द दोन निरनिराळ्या रूपांत आढळतो. मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ कसे दिसावेत हे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने निश्चित केले आहे. तरीही बहुतेक मोबाइलवर ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात. पडद्यावर एक ‘ल’ आणि फळ्यावर दुसरा ‘ल’ पाहून गोंधळणाऱ्या मुलाला यातले खरे कारण सांगितले पाहिजे; त्याचे अक्षर चुकलेले नसते.

सर्वांत उपयुक्त धडा मिळतो तो ‘ऱ्य’ या जोडाक्षरातून. रोमन अक्षरे दाबून मराठी लिहिणाऱ्या कळफलकावर ‘darya’ ऐवजी नेमके काय दाबायचे, हे मुलांना ठाऊक नसते आणि यंत्र पहिला सुचेल तो शब्द ठेवते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ या दोन वाक्यांत एका अर्ध्या रकाराने ज्ञानपीठाचे स्वयंपाकघर होते! ही जोडी फळ्यावर लिहावी, मग मुलांना मोबाइलवर ती टंकित करायला सांगावी. ज्याला ‘ऱ्य’ सापडत नाही त्याला तो शोधावा लागतो आणि शोधताना आपण उच्चारात काय करतो याकडे त्याचे लक्ष जाते. भारतीय मानक असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ मिळतो. हा कळफलक संगणकात आधीपासून असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यावर मुलाला अक्षरे जोडूनच शब्द घडवावा लागतो. रोमनमधून मराठी लिहिण्याची सवय लागलेल्या मुलाचा ऱ्हस्व-दीर्घाशी असलेला संबंध सुटत जातो. यंत्र जे ठेवील ते त्याला शुद्ध वाटू लागते. म्हणून पाचवी-सहावीपासूनच इन्स्क्रिप्टची गोडी लावणे श्रेयस्कर.

बोलून लिहिण्याची सोयही आता हाताशी आहे. गुगलने ऑगस्ट २०१७मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत ती दिली. ज्या मुलाला सांगता येते पण लिहिण्याचा धाक वाटतो, त्याच्यासाठी ही सोय वरदान ठरते. त्याने आठवडी बाजाराचे वर्णन बोलून टाकावे, उमटलेला मजकूर सर्वांनी वाचावा आणि विरामचिन्हे, चुकलेले शब्द, तुटलेली वाक्ये वर्गाने मिळून दुरुस्त करावीत. यंत्राच्या चुका काढताना मुलांना मोठा हुरूप येतो, कारण तेथे रागावणारे कोणी नसते.

परंतु येथेच एक धोका उभा आहे. ही यंत्रे मुख्यतः प्रमाण मराठीवर घडवलेली असतात. केदारखेड्याचे मूल ‘मव्हं’ किंवा ‘करायलो’ म्हणाले, की यंत्र आपल्या परिचयाचा जवळचा शब्द तेथे ठेवण्याचा संभव असतो. मुलाला वाटते, आपले बोलणेच चुकले. पूर्वी हा निवाडा कधी काळी एखादे शिक्षक देत. आता तो हातातले यंत्र क्षणाक्षणाला देऊ लागले तर बोली लाजेनेच गप्प होईल. त्यामुळे बोलून लिहिण्याआधीच शिक्षकाने सांगून ठेवावे, की यंत्राला आपली बोली येत नाही.

बोलीला आधार देणारे साधनही उपलब्ध आहे आणि त्याचा वर्गात उपयोग झालेला क्वचितच दिसतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. गावोगावच्या लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित करून ती नकाशांसह संकेतस्थळावर विनामूल्य ठेवण्यात आली आहेत. एकाच गोष्टीला कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात आणि विदर्भात काय म्हणतात, हे तेथे ऐकता येते. आपल्या ‘वावरा’ला नकाशावर मोठा प्रदेश आहे हे कळल्यावर मुलाची मान आपोआप वर होते.

दोन शतकांचे कोश खिशात

शब्दकोशांच्या बाबतीत तर केदारखेड्यासारख्या गावाची आजची स्थिती पूर्वीच्या अनेक महाविद्यालयांपेक्षा चांगली आहे. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये निघाला, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ची. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे प्रभृतींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९५० या काळातला. फलटणला राहून मराठी शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांचा मूलभूत कोश त्यानंतरचा. हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात आणि एकही पैसा लागत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६पासून निघू लागलेला मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर खुला आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून वाढत आहे.

या साठ्याचा उपयोग कसा करावा याचे उदाहरण गावाच्या उंबऱ्यावरच आहे. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवरील दानलेखांत येथील दात्यांचा उल्लेख सापडतो. १९३८मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि तिच्याशी साम्य असलेली मूर्ती भोकरदनच्या उत्खननात सापडलेली आहे. आता भाषेच्या तासाला प्रश्न असा : भोगवर्धनाचे भोकरदन कसे झाले? कोणता वर्ण गेला, कोणता बदलला, जोडाक्षर कसे सुटले? मुलांनी दोन्ही शब्द मोठ्याने भरभर म्हणून पाहिले, तरी निम्मे उत्तर तोंडातच सापडते. मग मोसंबीकडे वळावे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन लाभले आहे, पण शब्दाचे मूळ आफ्रिकेतील मोझांबिक या देशाच्या नावात असल्याचे मानले जाते. ज्या झाडाखाली बसून मुले डबा खातात त्याच्या नावाने समुद्र ओलांडला आहे, हे कळणे व्याकरणाच्या दहा तासांपेक्षा अधिक शिकवून जाते.

भाषांतराच्या साधनांविषयी सावध राहणे भाग आहे. गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३मध्ये आली. केंद्राची ‘भाषिणी’ २०२२पासून सुरू झाली. अलीकडे प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही मराठी लिहू लागली आहेत. इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ उमगण्यासाठी त्यांचा उपयोग निश्चित आहे. निबंध मात्र त्यांच्याकडून लिहून घेतला तर मुलाच्या हाती निबंध येतो, लिहिण्याची शक्ती येत नाही. याला उत्तर बंदी हे नव्हे. यंत्राने लिहिलेला ‘माझे गाव’ हा निबंध वर्गात वाचावा आणि त्यात केदारखेड्याचे नेमके काय आहे, हे मुलांना शोधायला लावावे. हिरवीगार शेते, खळखळणारी नदी आणि प्रेमळ माणसे सापडतील. राजूरची चतुर्थीची गर्दी आणि कपाशी वेचून आलेल्या आईची बोटे सापडणार नाहीत.

राहिला व्यवहाराचा भाग. चाळीस मुलांत एक मोबाइल असला तरी भाषेचा तास चालतो, कारण ऐकणे आणि बोलणे सामुदायिक असते. एक साधा ध्वनिवर्धक पुरतो. लोकवर्गणीतून घेतलेले दूरचित्रवाणी संच अनेक जिल्हा परिषद शाळांत आहेतच. नेटवर्क आणि वीज यांचा भरवसा नसल्याने गोष्टी, कोशातील पाने आणि ध्वनिफिती आदल्या दिवशी उतरवून ठेवाव्यात. लॉगिन मागणाऱ्या साधनांपेक्षा न मागणारी साधने केव्हाही बरी. मुलांचा आवाज किंवा छायाचित्र कोठेही चढवण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी ती आवश्यक ठरवली आहे. आणि डेटा पॅकचा खर्च शिक्षकाने स्वतःच्या खिशातून किती काळ करावा, याचे उत्तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मागायला हरकत नाही.

आरंभ करण्यासाठी फार काही लागत नाही. एका तक्त्याला तीन रकाने करावेत : आजी म्हणते तो शब्द, पुस्तकातला शब्द आणि कोशात सापडलेला अर्थ. पहिला रकाना मुलांनी घरून भरून आणावा, मोबाइलच्या ध्वनिमुद्रकावर आजीचाच आवाज घेऊन. तिसरा रकाना बराच काळ रिकामा राहील. मोल्सवर्थलाही सगळे शब्द मिळाले नव्हते.