ध्वनीने मोजा पाणी!

पालघर जिल्ह्यात धामणी येथे सूर्या नदीवर धरण आहे. मूळ ते शेतीच्या सिंचनासाठी बांधले. पुढे त्याचे पाणी पालघर-बोईसरकडे, तारापूरच्या कारखान्यांकडे आणि थेट वसई-विरारपर्यंत जाऊ लागले. एका धरणाचे पाणी इतक्यांनी वाटून घ्यायचे म्हटले, की कालव्याच्या शेवटी असलेला शेतकरी विचारणारच, "आमच्या वाट्याचे पाणी गेले कुठे?" या प्रश्नाचे उत्तर भांडून मिळत नाही, त्यासाठी पाणी मोजावे लागते. पण बंद नळातून वाहणारे पाणी मोजायचे कसे?

पाण्याच्या नेहमीच्या मीटरमध्ये एक छोटे चक्र असते. पाण्याच्या जोराने ते फिरते आणि त्याचे फेरे मोजले जातात. युक्ती सोपी आहे. पण गाळाने व वाळूने चक्र झिजते, कधी अडकते. शिवाय एखादा नळ रात्रभर बारीक गळत असेल, तर तेवढ्या जोराने चक्र हलतच नाही. मीटरच्या लेखी ते पाणी वाहिलेच नाही! म्हणून शास्त्रज्ञांनी चक्राऐवजी ध्वनीला कामाला लावले.

शिरगावाजवळ सातपाटीची खाडी आहे. समजा, तेथे एक होडी ओढीच्या दिशेने निघाली. पाण्याचा वेग होडीच्या वेगात मिळतो आणि ती लवकर पोहोचते. तेच अंतर ओढीविरुद्ध काटायला तिला जास्त वेळ लागतो. दोन्ही वेळा ठाऊक असतील, तर ओढीचा वेग काढता येईल. नळात होडीच्या जागी ध्वनी असतो, एवढाच फरक.

हा ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असलेल्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. पाण्याच्या मीटरमध्ये सामान्यतः सेकंदाला सुमारे १० लक्ष कंपने वापरतात. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधले. उलट, वीज दिली की असे पदार्थ कंप पावतात. असे दोन तुकडे नळाला बसवतात. एक बोलतो, दुसरा ऐकतो. मग कामांची अदलाबदल होते.

आता थोडे गणित. दोन तुकड्यांमधील अंतराला जातानाच्या वेळेने भागा; ध्वनी आणि पाणी यांच्या वेगांची बेरीज मिळेल. येतानाच्या वेळेने भागा, वजाबाकी मिळेल. पहिल्यातून दुसरे वजा करून निम्मे करा. उरला तो फक्त पाण्याचा वेग! ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो, पण या रीतीत तो गळून पडतो. म्हणून पाणी पौषातले असो की वैशाखातले, हिशेब बिघडत नाही.

मग अडचण कोठे आहे? पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो. तुकड्यांमधील अंतर ६ सेंटिमीटर असेल, तर प्रवासाला जेमतेम ४० मायक्रोसेकंद लागतात. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असला, तरी जाण्यायेण्याच्या वेळांतील फरक फक्त ५५ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ५५ अब्जांश! वेग सेकंदाला १ सेंटिमीटर झाला, तर हाच फरक ५५० पिकोसेकंदांवर येतो. (१,००० पिकोसेकंद म्हणजे १ नॅनोसेकंद.) सेकंदाला ८० लक्ष ठोके देणाऱ्या घड्याळाचे दोन ठोकेसुद्धा १२५ नॅनोसेकंद दूर असतात. आपला फरक त्यांच्यामध्येच हरवेल.

येथे संकलित मंडल, म्हणजे 'चिप', मदतीला येते. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये पहिले संकलित मंडल करून दाखवले. आज वेळ मोजण्यासाठी खास चिप मिळतात. त्यांची रीत आगगाडीच्या उदाहरणाने समजेल. गाडीने उमरोळी सोडले, पण बोईसर अजून आले नाही. ती नेमकी कोठे आहे? उमरोळीनंतर रुळालगतचे किती खांब मागे पडले ते मोजा! घड्याळाचे ठोके ही स्थानके. चिपमध्ये एकापुढे एक जोडलेली सूक्ष्म द्वारे असतात. प्रत्येक द्वार ओलांडायला विजेच्या स्पंदाला ठराविक अल्पसा वेळ लागतो. ही द्वारे म्हणजे खांब. ठोक्यानंतर किती द्वारे ओलांडली ते मोजले, की उरलेला वेळ कळतो. याच कंपनीच्या टीडीसी७२०० या चिपला ५५ पिकोसेकंदांपर्यंतचा फरक कळतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सुमारे दीड सेंटिमीटरच जातो! अनेक मोजण्यांची सरासरी घेतली, की चूक आणखी कमी होते.

या मीटरलाही पथ्ये आहेत. नळ पूर्ण भरलेला हवा. पाण्यात बुडबुडे फार असतील, तर ध्वनी विखुरतो. मात्र काही मीटर नळाच्या बाहेरूनच बसवता येतात. मोठा नळ कापावा लागत नाही.

इतक्या सूक्ष्म वेळेचा ध्यास कशासाठी, असे तुम्हांला वाटेल. आतून २ सेंटिमीटर व्यासाचा नळ घ्या आणि त्यातील पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला १ सेंटिमीटर माना. नळाच्या छेदाचे क्षेत्रफळ काढून दिवसभरात किती पाणी जाईल ते मोजा. उत्तर सुमारे २७१ लिटर येईल. ५५० पिकोसेकंद ज्याला मोजता येत नाहीत, त्याच्या हिशेबातून हे पाणी रोज निसटेल.