उणे पाचला मस्त, दहा अंशांवर गारठलेले: स्नोबोर्डिंग क्लबचा पावसाळी कॅम्प

लोकलच्या गोंगाटात ज्यांना ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. जसंच्या तसं नाही, मधले माझे "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

आजचा विषय थोडा विचित्र आहे. स्नोबोर्डिंग क्लब, भर उन्हाळा, तंबू आणि धो धो पाऊस. मी मँचेस्टरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि इथल्या एका छोट्या स्नोबोर्डिंग क्लबचा सभासद आहे. आता तुम्ही विचाराल, ऑगस्टमध्ये इंग्लंडात बर्फ कुठला? नाहीच. छताखाली बनवलेल्या बर्फाच्या उतारावर सराव करता येतो, पण क्लब नुसत्या सरावावर टिकत नाही. हिवाळ्यात आल्प्सला कोण येणार, कुणाचं कुणाशी पटतं, नवीन पोरं कशी आहेत, हे सगळं उन्हाळ्यातच कळतं. म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इथे सुट्टी असते, ती धरून तीन दिवस आम्ही लेक डिस्ट्रिक्टला तंबू ठोकतो. आणि हमखास पाऊस पडतो.

लेक डिस्ट्रिक्ट म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा डोंगर आणि तळ्यांचा भाग. तिथल्या बॉरोडेल दरीत सीथवेट नावाची वस्ती आहे. इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण म्हणून ती ओळखली जाते. वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटर. जवळच्याच होनिस्टर खिंडीत डिसेंबर २०१५ मध्ये २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला, तो ब्रिटनचा विक्रम ठरला.

आपल्याकडचा माणूस म्हणेल, एवढंच? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता! बरोबर आहे. पण इथे प्रश्न किती पडतो हा नाही, किती गार पडतो हा आहे. मुंबईच्या पावसात हवा पंचवीसच्या आसपास असते. इथे ऑगस्टच्या रात्री पारा दहा-अकरावर येतो, आणि डोंगरावर वारा असतो तो वेगळाच.

आता गंमत बघा. उणे पाच अंशांत दिवसभर बर्फात लोळणारी ही मंडळी दहा अंशांच्या पावसात कुडकुडायला लागतात. का? आजचा सगळा भाग या एका प्रश्नाबद्दल आहे.

थंडीपेक्षा ओल वाईट

उणे पाचला पडणारा बर्फ कोरडा असतो. जाकिटावर बसला की हाताने झटकायचा, विषय संपला. पाऊस झटकता येत नाही. तो कापडात मुरतो आणि कापडातली हवा हाकलून लावतो. खरं तर आपल्याला ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली हवा देते. तिच्या जागी पाणी आलं की खेळ उलटतो, कारण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट सहज उष्णता वाहून नेतं.

त्यात भर म्हणजे बाष्पीभवन. एक ग्रॅम पाणी अंगावर सुकायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. जीन्स आणि हुडीत मिळून अर्धा लिटर पाणी मुरलंय असं धरा. ते सुकवायला १२०० किलोज्यूल, म्हणजे सुमारे २९० किलोकॅलरी लागतील. अडीच-तीन पोळ्यांची ऊर्जा नुसती कपडे वाळवण्यात गेली! आणि यातला बराचसा वाटा तुमचं शरीर भरतं.

गेल्या कॅम्पला हे डोळ्यांसमोर दिसलं. एक नवीन मुलगा, पहिलीच वेळ, अंगात सुती हुडी आणि जीन्स. दुपारी तळ्याकाठी फिरून आल्यावर तो गप्प झाला. आम्हाला वाटलं दमला असेल. क्लबमधली एक ताई बरीच वर्षं डोंगरात फिरलेली आहे. तिने बघितलं की त्याला जाकिटाची चेन लावता येत नाहीये. तिने त्याला नाव विचारलं, तर शब्द अडखळले. ती लगेच उठली. ओले कपडे काढले, कोरडे घातले, खाली जाड मॅट, वर स्लीपिंग बॅग, हातात गरम गोड चॉकलेट. तासाभरात तो जोक मारायला लागला.

ही हायपोथर्मियाची सुरुवात होती. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ओळखायचं कसं? माणूस धडपडतो, पुटपुटतो, बोटांनी साधं काम होत नाही, उगाच चिडतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जोरात कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि सुस्तावला, तर तो बरा झालेला नाही, जास्त बिघडलाय. तेव्हा थेट मदत बोलवायची. अंग चोळायचं नाही आणि दारू तर अजिबात द्यायची नाही. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीकडे रक्त जास्त जाऊन आतली उष्णता बाहेर पडते.

बर्फाचं जाकीट पावसात का फसतं

क्लबच्या लोकांकडे महागडी जाकिटं असतात, त्यामुळे आत्मविश्वासही असतो. पण बऱ्याच स्नोबोर्ड जाकिटांना आत जाड अस्तर असतं. ते घालून दहा-बारा अंशांत तंबूच्या खुंट्या ठोकल्या की घाम फुटतो. मग बाहेरून पाऊस, आतून घाम. जाकिटाच्या पातळ पडद्यातून वाफ बाहेर जाते हे खरं, पण ती जाते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट असते म्हणून. बाहेरच हवा पाण्याने भरलेली असेल आणि वरचं कापड भिजून जड झालं असेल, तर वाफेचा वेग पार मंदावतो.

म्हणून बर्फातलं जाकीट नाही, बर्फातली पद्धत पावसात न्यायची. तीन थर. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टर, मध्ये फ्लीस, वर बिनअस्तराचं पातळ रेनकोट-जाकीट. काम करताना मधला थर काढायचा, बसलं की घालायचा. सुती कपडे बॅगेतच नकोत. सूत पाणी धरून ठेवतं, पॉलिएस्टरचा धागा जवळपास पितच नाही. आणि झोपायचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे बांधून ठेवायचे. काहीही झालं तरी ते झोपण्याआधी घालायचे नाहीत.

तंबू गळतोय की आपणच गळतोय

सकाळी उठल्यावर तंबू आतून ओला दिसला की सगळे म्हणतात, तंबू गळतो. बहुतेक वेळा तो गळत नसतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. चौघे झोपले की झालं एक लिटर! बाहेर पावसाने कापड गार झालेलं असतं. गार ताकाच्या ग्लासावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसे ते कापडावर आतून जमतात. यावर उपाय उलटा वाटेल, पण पाऊस असला तरी तंबूच्या खिडक्या वरून थोड्या उघड्या ठेवायच्या. आतली दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे.

तंबू विकत घेताना ३००० मिमी असा आकडा दिसतो. अनेकांना वाटतं, एवढा पाऊस झेलेल. तसं नाहीये. कापडावर पाण्याचा किती उंच खांब उभा केला की थेंब पाझरायला लागतात, त्याचा तो आकडा. ३००० म्हणजे तीन मीटर. वरच्या कापडाला एवढं पुरतं. जमिनीच्या कापडाला मात्र जास्त लागतं, कारण तिथे तुमचा गुडघा टेकतो आणि छोट्याशा जागेवर सगळं वजन येतं.

अजून दोन गोष्टी. नायलॉन भिजलं की ताणलं जाऊन लोंबतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ओढायच्या. आणि तंबू खोलगट जागी किंवा ओढ्याकाठी लावायचा नाही. तिथलं गवत फार मऊ असतं, पण रात्री तिथेच पाणी येतं.

एक चूक जिला दुसरी संधी नाही

आत्तापर्यंतच्या सगळ्या गोष्टी चुकल्या तरी बहुतेक वेळा कोरड्या कपड्यांवर निभावतं. ही मात्र नाही. पाऊस थांबत नाही, भूक लागलीय, म्हणून कुणीतरी म्हणतं, "स्टोव्ह तंबूतच पेटवू, दार थोडं उघडं ठेवू." किंवा विझत आलेलं बार्बेक्यू उबेसाठी आत आणतात. कृपया नको. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. कॅम्पमध्ये दमलेल्या माणसाला तसंही हेच होत असतं, म्हणून संशयच येत नाही. निखारे विझलेले दिसले तरी वायू येत राहतो.

आमच्या क्लबचा नियम सरळ आहे. आल्या आल्या, तंबूंच्याही आधी, चारही बाजूंनी उघडी मोठी ताडपत्री बांधायची आणि स्वयंपाक तिथेच. भिजलात तर भिजलात. कुणाला डोकेदुखी आणि मळमळ झाली तर आधी उघड्या हवेत, मग बाकी चौकशी.

हे फक्त इंग्लंडचं नाही. थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, खिडकी नसलेल्या बाथरूममधला गॅस गीझर, धोका तोच. आणि सह्याद्रीत जुलैमध्ये गडावर वारा सुटला की सुती टी-शर्ट आणि जीन्समध्ये आपली पोरंही कुडकुडतात. तिथे दहा अंश नसतात, पण ओल आणि वारा असतो.

तेव्हा पुढच्या ट्रेकला निघण्याआधी हा भाग ग्रुपवर टाका. बॅगेत एक जोड कोरडे कपडे पिशवीत बांधून ठेवा आणि ताडपत्री कोण आणणार ते आधी ठरवा. चालताना कुणी अचानक गप्प झालं तर "दमला असेल" म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, आणि त्याला चेन लावून दाखवायला सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कोरडे राहा!