कठडे नसलेला पूल

टोकियोतील शिंजुकू हे जगातील सर्वाधिक वर्दळीचे रेल्वे स्थानक आहे. गिनेस बुकात तशी नोंद आहे. करोनाच्या साथीपूर्वी येथून दिवसाला सरासरी ३५ लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करत. १८८५ मध्ये सुरू झालेल्या या स्थानकात आज पाच वेगवेगळ्या रेल्वेसेवा एकत्र येतात आणि बाहेर पडण्यासाठी दोनशेहून अधिक वाटा आहेत. एवढ्या माणसांत कोणी दमलेले असते, कोणी घाईत, कोणी मद्य घेतलेले, कोणी मोबाइलमध्ये गुंतलेले, तर कोणाला मुळी दिसतच नसते. या सगळ्यांना धावत्या गाडीपासून चार पावलांवर उभे राहावे लागते.

जपानमधील अंध प्रवासी रेल्वे फलाटाला ‘कठडे नसलेला पूल’ म्हणतात. डोळस माणसालाही हे वर्णन तितकेच लागू पडते. फरक इतकाच, की डोळस माणसाला आपण पुलावर आहोत याचा विसर पडतो.

दोन सेकंदांचा प्रश्न

२६ जानेवारी २००१ रोजी संध्याकाळी शिंजुकूच्या लगतच्या शिन-ओकुबो स्थानकात मद्यधुंद अवस्थेतील एक प्रवासी रुळांवर पडला. त्याला वाचवण्यासाठी दक्षिण कोरियातून शिकायला आलेला २६ वर्षांचा विद्यार्थी आणि ४७ वर्षांचा जपानी छायाचित्रकार खाली उतरले. गाडीने तिघांनाही चिरडले. या दोघांच्या स्मरणार्थ स्थानकात जपानी आणि कोरियन भाषांतील फलक आहे.

त्यांच्या धाडसाबद्दल दुमत नाही, पण गणित त्यांच्या बाजूने नव्हते. ताशी ७० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १९ मीटर अंतर कापते. मोटरमनने त्याच क्षणी आपत्कालीन ब्रेक लावला, तरी ती थांबेपर्यंत दीडशे मीटरहून अधिक अंतर जाते. दुसरीकडे, फलाट रुळांपासून साधारण एक मीटर उंच असतो. शुद्ध हरपलेल्या माणसाला तिथून वर उचलणे दोन धडधाकट माणसांनाही सोपे नसते.

या अपघातानंतर जपानमधील अनेक फलाटांवर आपत्कालीन बटणे आणि फलाटाखाली अंग चोरून थांबता येईल अशा जागा करण्याच्या कामाला वेग आला. बटण दाबले की येणाऱ्या गाड्यांना थांबण्याचा इशारा जातो. त्यामुळे तिथल्या प्रवाशांना सांगितले जाते, की कोणी पडले तर रुळांवर उतरू नका, आधी बटण दाबा.

माणूस कसा पडतो?

नशेत झोकांड्या खात माणूस हळूहळू फलाटाच्या कडेला जातो आणि पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. पश्चिम जपानमधील जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीने मद्यपी प्रवाशांच्या अपघातांची कॅमेऱ्यातील चित्रणे तपासली, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. निम्म्याहून अधिक घटनांत माणूस आधी स्वस्थ बसलेला किंवा उभा होता. मग तो अचानक निघाला आणि सरळ चालत रुळांवर गेला.

याचे कारण शरीरात शोधता येते. मद्याचा परिणाम लहान मेंदूवर होतो आणि तोल व हालचालींचा मेळ बिघडतो. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे बसलेला माणूस झटकन उठला की रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. शिवाय समोरचे अंतर आणि धोका जोखण्याची क्षमता कमी झालेली असते. अशा वेळी बाक रुळांकडे तोंड करून असेल, तर माणसाची पावले ज्या दिशेला वळतात तिथेच कडा असते.

कंपनीने त्यावर साधा उपाय केला. २०१५ पासून शिन-ओसाकासारख्या स्थानकांत बाक नव्वद अंशांत फिरवण्यात आले. आता उठून सरळ चालणारा माणूस फलाटाच्या लांबीच्या दिशेने जातो. कोणालाही उपदेश न करता धोका कमी करण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मोबाइल पाहत चालणाऱ्यांचा प्रश्नही याच जातीचा आहे. जपानी भाषेत या सवयीला ‘अरुकी सुमाहो’ असे नावच पडले आहे. पडद्यावर लक्ष असताना डोळे उघडे असतात, पण मेंदू बाजूच्या दृश्याची दखल घेत नाही. समोरची वस्तू नजरेच्या टप्प्यात असूनही ‘दिसत’ नाही. टोकियोजवळच्या यामातो शहराने २०२० मध्ये सार्वजनिक जागी चालताना मोबाइल पाहण्यावर बंदी घातली. त्यात दंडाची तरतूद नाही. लोकांना या सवयीची जाणीव करून देणे हा तिचा हेतू आहे.

बोटाने दाखवा, मोठ्याने बोला

चूक फक्त प्रवाशाकडूनच होते असे नाही. जपानी स्थानकात पांढरे हातमोजे घातलेला कर्मचारी रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटताना दिसतो. नवख्याला हे गमतीचे वाटते. या पद्धतीला ‘शिसा कांको’ म्हणतात. सिग्नल पाहायचा, त्याकडे बोट दाखवायचे आणि त्याची स्थिती मोठ्याने म्हणायची. गाडी सोडण्यापूर्वी गार्ड फलाटाच्या कडेवरून हात फिरवतो, तोही याचाच भाग आहे.

रोजचे काम हजारदा केल्यावर मेंदू ते आपोआप करू लागतो. डोळे लाल सिग्नल पाहतात, पण मन नेहमीचा हिरवाच गृहीत धरते. बोट, आवाज आणि कान यांना कामाला लावले की ही तंद्री मोडते. जपानच्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९९४ मध्ये याची चाचणी घेतली. काहीच न करता दर शंभर कृतींमागे सुमारे २.४ चुका होत होत्या. बोट दाखवून बोलल्यावर त्या ०.४ च्या आसपास आल्या, म्हणजे साधारण एक षष्ठांश.

भारतीय रेल्वेतही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. औषध देण्यापूर्वी रुग्णाचे नाव मोठ्याने विचारणारी परिचारिका तेच तत्त्व वापरते.

पायांनी वाचायची भाषा

फलाटाच्या कडेला असलेल्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा मुंबई-पुण्यातील प्रवाशांच्याही ओळखीच्या आहेत. त्या मूळच्या जपानमधील आहेत. सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्यांचा अर्थ ‘या दिशेने चला’ आणि गोल ठिपक्यांचा अर्थ ‘थांबा, पुढे धोका आहे’. तळपायाच्या त्वचेला दाब आणि स्पर्श जाणवतो, त्यामुळे बुटातूनही हा फरक कळतो. पिवळा रंग अंधूक दिसणाऱ्यांसाठी असतो. अंध म्हणून नोंद असलेल्या अनेकांना थोडे दिसत असते.

मात्र ठिपक्यांच्या ओळीत एक उणीव होती. गर्दीत धक्का लागून दिशा चुकली, तर ओळीच्या कोणत्या बाजूला रूळ आणि कोणत्या बाजूला फलाट हे पायाला कळत नसे. म्हणून जपानमध्ये ठिपक्यांच्या आतल्या बाजूला एक सलग उंच रेघ जोडण्यात आली. रेघ लागली की सुरक्षित बाजू कळते. तेवढ्यानेही सगळे अपघात टळत नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये टोकियोच्या आओयामा-इच्चोमे या भुयारी स्थानकात सोबत मार्गदर्शक कुत्रा असलेल्या अंध प्रवाशाचा रुळांवर पडून मृत्यू झाला, तेव्हा फलाटावर दरवाजे बसवण्याची मागणी जोरात पुढे आली.

अखेर कठडा

फलाटावरचे सरकते दरवाजे हा कठड्याच्या सर्वांत जवळचा उपाय आहे. शिंजुकूतून जाणाऱ्या यामानोते मार्गावर ते २०१० मध्ये एबिसू आणि मेगुरो या स्थानकांपासून बसायला लागले. पण जुन्या फलाटांना दरवाज्यांचा भार पेलण्यासाठी मजबूत करावे लागते आणि ते काम शेवटची गाडी गेल्यावर पहाटेपर्यंतच करता येते. एकाच फलाटावर वेगवेगळ्या रचनेच्या गाड्या येत असतील, तर दरवाजे जुळत नाहीत. ओसाका स्थानकाच्या नव्या भुयारी फलाटांवर २०२३ मध्ये येणाऱ्या गाडीनुसार आपली जागा बदलणारे दरवाजे बसवण्यात आले. या कामांचा खर्च काही अंशी प्रवासीही उचलतात. मार्च २०२३ पासून टोकियो परिसरातील जेआर ईस्ट आणि टोकियो मेट्रो यांच्या तिकिटात त्यासाठी १० येन वाढवण्यात आले.

मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ वर असे पूर्ण उंचीचे दरवाजे सुरुवातीपासून आहेत. त्या प्रकल्पाला जपानच्या ‘जायका’ या संस्थेचे कर्ज मिळाले आहे. उपनगरी लोकलच्या फलाटावर मात्र असा आडोसा नाही. तिथे आपणच सावध राहायला हवे.

प्रवाशांनी काय करावे?

गाडी थांबेपर्यंत पिवळ्या फरशांच्या आतच थांबावे. त्या फरशांवर सामान ठेवू नये आणि रांगही लावू नये, कारण ती कोणाची तरी वाट असते. मोबाइलवर काही पाहायचे असेल तर खांबाजवळ उभे राहून पाहावे. चक्कर येत असेल, औषधाने गुंगी आली असेल किंवा मद्य घेतले असेल, तर भिंतीच्या बाजूला बसावे आणि उठताना दोन क्षण थांबावे.

कोणी रुळांवर पडले तर उडी घेण्याऐवजी मोठ्याने ओरडावे, हात हलवून मोटरमनचे लक्ष वेधावे आणि जवळच्या रेल्वे कर्मचाऱ्याला किंवा पोलिसाला गाठावे. पांढरी काठी घेतलेली व्यक्ती कडेकडे जाताना दिसली, तर हात ओढू नये. अचानक ओढल्याने दिशेचा अंदाज चुकतो. ‘थांबा!’ असे स्पष्ट आणि मोठ्याने म्हणावे. मग विचारावे, ‘मदत करू का?’ आणि आपला कोपर त्यांच्या हाताला द्यावा.